उन्हाळी टोमॅटो : हरितगृहातली रात्रही पाहा

संक्रांत सरली, की आमच्या कार्यालयात आणि त्याहून जास्त माझ्या घरच्या ओट्यावर एकच प्रश्न घेऊन मंडळी येऊ लागतात. "साहेब, पॉलिहाऊसमध्ये उन्हाळी टोमॅटो घेऊ का?" प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. उन्हाळ्यात उघड्या रानातला माल कमी होतो, तेव्हा मे-जूनमध्ये ज्याच्याकडे माल त्याची चांदी, हा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात असतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. नारायणगावच्या बाजारातले क्रेटचे भाव ऐकून लोक तोंडात बोट घालत होते. पुढे दोन महिन्यांत तोच टोमॅटो मातीमोल झाला, हेही आपण पाहिले. तेव्हा भावाबद्दल मी बोलणार नाही, ते ज्योतिष मला येत नाही. मला बोलायचे आहे ते फुलाबद्दल. बाजार कितीही तेज असो, उन्हाळ्यात फूल झाडावर टिकले नाही, तर क्रेटमध्ये भरायचे काय?

एक घडलेली गोष्ट सांगतो. तिच्यात माझीही चूक आहे.

मार्च २०२२. हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत. देशातल्या सरासरी कमाल तापमानाचा विचार करता तो मार्च त्या साऱ्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. आमच्या भागातल्या एका गावी दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. मालकांना सारे गाव अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. बँकेचे कर्ज काढून ते उभे केलेले, जूनमध्ये हप्ता आणि त्याच महिन्यात धाकट्याची कॉलेजची फी. त्या वर्षी त्यांनी ढोबळी मिरची काढून टोमॅटो लावला होता. झाडे डोक्याच्या वर गेलेली, पाने हिरवीगार, पाहणाऱ्याची नजर लागावी अशी. पण खालचे दोन घोस सोडले, तर वर फळाचा पत्ता नाही. गादीवाफ्यावर मात्र पिवळ्या फुलांचा सडा पडलेला. प्रत्येक फूल देठाच्या गाठीपासून नेमके तुटून आलेले.

मी पाने उलटून पाहिली. फुलकिडे थोडे होते, फूल गळावे इतके नव्हते. मुळे पाहिली, पांढरी आणि निरोगी. मग नेहमीचे सांगितले. नत्र कमी करा, बोरॉन द्या, फूलगळीवरचे संजीवक फवारा, आठवड्याने येतो. आठवड्याने गेलो. गळ तेवढीच.

अण्णा गप्प उभे होते. बोलल्या त्या वहिनी. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, हे तुम्हाला सांगायला नको. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला रात्री त्याच आत जात. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दिवसा येता. एकदा रात्री अकराला या. बाहेर वारं गार लागतं, आणि आत शिरलं की न्हाणीत शिरल्यासारखं होतं."

त्या रात्री मी तिथेच राहिलो. अकरा वाजता बाहेर पारा २४ अंशांवर होता, आत २८ वर. पहाटे पाचला बाहेर १९, आत २२. हवा इतकी दमट, की पत्र्याच्या डब्यावर पाण्याचे थेंब जमले होते. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. चारही बाजूंचे पडदे बंद होते. थंडीत संध्याकाळी पाचला पडदे खाली सोडायचे, हे मीच त्यांना शिकवले होते. डिसेंबरात ते बरोबरच होते. पडदे सोडायला केव्हा लागायचे ते मी सांगितले, ते केव्हा थांबवायचे हे सांगायचे राहून गेले. ते दोघे बिचारे मार्चअखेरपर्यंत इमानेइतबारे पडदे सोडत होते.

फूल का गळते?

टोमॅटो मुळात थंड रात्रींच्या डोंगराळ मुलखातले झाड. त्याला दिवसा २१ ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवते. दिवसाचे ३४-३५ अंश ते काही तास सोसते, पण रात्री पारा २१-२२ च्या खाली उतरलाच नाही, तर फळधारणा घटू लागते. दिवस कडक आणि रात्रही उबदार अशी जोडी जमली, की फूल जवळजवळ बसतच नाही. आपण मात्र दुपारी घामाघूम होतो म्हणून दुपारचाच विचार करतो.

होते ते असे. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पिवळ्या पुंकेसरांची नळी आणि तिच्या आत स्त्रीकेसर. नळीतून परागकण झडून स्त्रीकेसराच्या टोकावर पडला, की काम झाले. उष्णतेने परागकण आतल्या आत वांझ होतात. कधी स्त्रीकेसर लांबून नळीच्या बाहेर डोकावतो आणि पराग त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग झाड ते फूल टाकून देते.

यातली एक गोष्ट फार कामाची आहे. परागकणाला उष्णतेचा सर्वांत मोठा फटका बसतो तो फूल उमलल्यावर नव्हे. कळी बारीक असताना, उमलण्याच्या सात ते पंधरा दिवस आधी बसतो. म्हणजे आज जे फूल तुमच्या पायाशी पडले, त्याचे नुकसान मागच्या आठवड्यात किंवा त्याही आधी होऊन गेलेले असते. म्हणूनच आज केलेला इलाज दहा-बारा दिवस दिसत नाही. तोवर शेतकरी दुकानातून एकामागून एक तीन बाटल्या आणतो. मधे हवा निवते, फूल बसते आणि श्रेय मिळते तिसऱ्या बाटलीला! संजीवके अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. काही संजीवकांनी उष्णतेतही फळ धरते, पण ते बरेचदा बीविना, आतून पोकळ भरते. हाताला हलके लागते आणि व्यापारी ते बोटाने दाबूनच ओळखतो.

अण्णांकडे त्या दिवसापासून पडदे रात्रंदिवस उघडे ठेवले. आतली कीडरोधक जाळी तेवढी कायम. दोन दिवसांनी मोजले, तर पहाटेचे आतले तापमान बाहेरच्याइतकेच भरले. बाराव्या दिवशी नव्या घोसात वाटाण्याएवढी फळे दिसली. गेलेले दोन घोस मात्र गेलेच. त्यांच्या दहा गुंठ्यांत सुमारे २,४०० झाडे होती. एका घोसाचे अर्धा किलो धरले, तर दोन घोसांचे झाडामागे एक किलो, म्हणजे चोवीस क्विंटल. वीस किलोच्या हिशोबाने एकशेवीस क्रेट. हे नुकसान रोगाने केले नाही की किडीने नाही. पडद्याच्या दोरीने केले, आणि ती दोरी माझ्या सांगण्यावरून ओढली जात होती.

आतली हवा कशी निववावी

पहिले काम म्हणजे साध्या कमाल-किमान तापमापकाचे. औषधाच्या एका फवाऱ्याहून तो स्वस्त पडतो. तो दारापाशी लावू नका. घराच्या मध्यावर, फुलोऱ्याच्या उंचीला, थेट ऊन लागणार नाही असा टांगा. गरम हवा वर चढते. उन्हाळ्यात वेलाचे शेंडे छताजवळच्या तारेला पोचलेले असतात, म्हणजे नाजूक कळ्या सर्वांत तापलेल्या थरात असतात. सुतळी सैल करून वेल खाली उतरवला आणि बुंधा वाफ्यावर आडवा वळवला, तर फुले तेवढ्यानेही थोड्या निवाऱ्याला येतात. हे काम दुपारी करा. सकाळी खोड पाण्याने भरलेले असते आणि काडकन मोडते.

वायुवीजन हा उन्हाळी हरितगृहाचा प्राण आहे. छताजवळची खिडकी आणि बाजूचे पडदे, दोन्ही उघडे हवेत. खालून गार हवा शिरली, तरच वरची गरम हवा बाहेर पडते. पांढरी माशी रोखण्यासाठी आपण ४० मेशची जाळी लावतो, ती लावायलाच हवी. टोमॅटोची पाने वळवून झाड आखडून टाकणारा विषाणू हीच माशी पसरवते. पण रस्त्याकडेच्या घरांची जाळी फेब्रुवारीपर्यंत धुळीने इतकी बुजलेली असते, की तिच्यातून वाराच शिरत नाही. पंधरा दिवसांनी एकदा बाहेरून पाण्याच्या झोताने धुवा. अर्ध्या तासाच्या कामाने आत जाणवण्याइतका फरक पडतो.

सावलीच्या जाळीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. दुकानदार ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी गळ्यात मारतो. टोमॅटो काही विड्याचे पान नव्हे, त्याला उजेड लागतो. ३५ टक्के, फार तर ५० टक्के सावली पुरे, आणि पांढरी मिळाली तर उत्तम. जाळी तारांवर सरकती ठेवा. सकाळी अकराला पसरा, चारला गोळा करा. दिवसभर अंथरून ठेवलेल्या जाळीखाली झाड उंच, पातळ आणि फुलांना कंजूष होते. जाळी छताच्या बाहेरून असली तर जास्त उपयोगी, कारण ऊन आत येण्याआधीच अडते. मात्र वळवाच्या वाऱ्यात ती सांभाळायची जबाबदारी तुमची. काही जण प्लॅस्टिकवर चुन्याची निवळी फवारतात. पातळ मारली तर गुण येतो, पण पाऊस लागताच ती धुऊन काढायला विसरू नका, नाहीतर जूनच्या ढगाळ दिवसांत आत अंधार होईल.

फॉगर ही चीज चांगली, पण ती कोरड्या हवेची. हवा कोरडी असेल तर पाण्याचा सूक्ष्म थेंब हवेतच विरतो आणि विरताना उष्णता घेऊन जातो. घरातल्या माठाचे गणित तेच. म्हणून देशावर एप्रिलच्या दुपारी फॉगर गुण देतो. कोकणच्या दमट हवेत तो नुसता घाम वाढवतो, तिथे भिस्त वाऱ्यावरच ठेवावी. चालवायचा तो अर्धा ते एक मिनिट, मग पंधरा-वीस मिनिटे थांबा, पडदे उघडे ठेवूनच. साडेतीन-चारनंतर बंद करा. पाने ओली राहून रात्र पडली, तर करप्याला निमंत्रणच.

फुलाला वारा हवा

उघड्या रानात वारा फूल हलवतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो आणि त्या कंपाने पराग खाली झडतो. घरात वारा कमी आणि भुंगा जाळीबाहेर. मधमाशीला टोमॅटोचे फूल असे कंपवता येत नाही, तेव्हा मधाची पेटी आत ठेवून फारसे साधत नाही. हॉलंडकडच्या शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका जातीच्या गुबगुबीत भुंगमाश्यांच्या पेट्या हरितगृहात ठेवायला सुरुवात केली. त्याआधी तेही हाताने कंप देत होते. आपल्याला पेटीवाचून अडत नाही. वेल ज्या तारेला बांधले आहेत, तिच्यावर काठीने हलके ठोके द्या. एक दिवसाआड, सकाळी नऊ ते अकरा या वेळात. त्याआधी पराग ओलसर आणि चिकट असतो, त्यानंतर ऊन चढते. अण्णांकडे हे काम धाकटा सुटीच्या दिवशी करतो आणि ताल धरून करतो. एका ओळीला दोन मिनिटे लागतात.

पाणी, आणि बुडाचा काळा डाग

उन्हाळ्यात एक गमतीचा, पण घातक प्रकार घडतो. ठिबकची काळी नळी उन्हात पडलेली असते. दुपारी व्हॉल्व्ह उघडला, की पहिले पाणी चहाला ठेवल्यासारखे कढत येते आणि थेट मुळावर पडते. तेव्हा नळ्या पाचटाखाली किंवा मल्चिंगखाली झाका. मल्चिंगचे प्लॅस्टिक असेल, तर रुपेरी बाजू वर हवी. काळी वर ठेवली तर वाफा तापतो.

फळांनी भरलेल्या झाडाला एप्रिलमध्ये दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी लागते. ते एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्या आणि मोठा वाटा सकाळी द्या. वीज रात्रीची असेल, तर रात्री टाकी भरून घ्या आणि सकाळी तिच्या उतारावर ठिबक चालवा. अण्णांनी पुढे तेच केले, त्यामुळे वहिनींची रात्रीची फेरीही कमी झाली. पाणी पुरेसे आहे की नाही, हे वाफ्याच्या वरच्या मातीवरून ठरवू नका. चार बोटे खालची माती मुठीत दाबा. मुटका व्हावा, पण हाताला चिखल लागू नये.

पाण्यात चढउतार झाला, की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक तो रोग समजून बुरशीनाशक मारतात. तो रोग नव्हे. फळात चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचला नाही त्याची ती खूण आहे. आपल्या बऱ्याच जमिनींत चुना भरपूर असतो, पण तो मुळाकडून फळाकडे जातो पाण्याच्या वाहनाने, आणि दुपारी ते पाणी पानेच ओढून नेतात. म्हणून पहिला इलाज नियमित पाणी. कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून द्यायला हरकत नाही, पण स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत मिसळू नका, साका धरून ठिबकची छिद्रे बुजतील. युरियाचा हात मात्र आखडा. पालेदार, गर्द हिरवे झाड पाहुण्यांना दाखवायला छान दिसते, बाजारात नेता येत नाही.

खालची पाने हिवाळ्यासारखी सपासप काढू नका. त्यांची सावली फळांवर हवी, नाहीतर उन्हाकडच्या बाजूला पांढरा भाजका चट्टा पडतो. कोरड्या उन्हात लाल कोळी वाढतो. पानाखाली जाळे दिसायची वाट न पाहता, पानावर बारीक पिवळे ठिपके दिसताच जागे व्हा. २०१४ मध्ये आपल्याकडे पुणे भागात प्रथम आढळलेली टुटा ही नागअळीही आत शिरते. दोन दारांची रचना असेल, तर एक लावल्याशिवाय दुसरे उघडू नका, एवढा नियम घरच्या मुलांनाही घालून द्या.

फवारणीबद्दल एक ताकीद. बंद घरात औषधाचा वास कोंडतो. दुपारी फवारू नका, तोंडाला नुसता टॉवेल बांधून भागवू नका, आणि फवारल्यावर त्याच दिवशी बायामाणसांना तोडणीला आत पाठवू नका. तसेही एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर आतले काम थांबवावे. झाडाला अंश मोजून जपायचे आणि आत वाकून काम करणारीला ४२ अंशांत ठेवायचे, हे मला पटत नाही. सहाला सुरू करा, दाराशी माठ ठेवा, मीठ-साखर घातलेले पाणी अधूनमधून पाजा.

मग उन्हाळी टोमॅटो घ्यावा का?

आता ओट्यावरच्या प्रश्नाकडे येतो. पडदे उघडून आतली रात्र बाहेरच्याइतकी गार होते, त्याहून गार होत नाही. बाहेरच पहाटे २५-२६ अंश असतील, तर साधे घर काही करू शकत नाही. पंखे आणि ओल्या जाळीची भिंत लावलेले महागडे घर थोडे करते, पण त्याच्या विजेचे बिल टोमॅटोने फेडायचे असते. तेव्हा आपल्या गावच्या रात्री पाहूनच बेत ठरवा.

जुन्नर, संगमनेर, नाशिककडच्या उंच भागांत एप्रिलच्या रात्री बऱ्यापैकी निवतात. तिथे उघडे पडदे, हलकी सावली आणि तारेवरचे ठोके यांवर एप्रिलमध्येही थोडेफार फळ धरता येते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या भागांत एप्रिल-मेमध्ये नवीन फळ धरेल ही आशा सोडा. तिथे हरितगृहाचे उन्हाळ्यातले काम आधी धरलेले फळ सांभाळायचे. हिशोब उलटा मांडा. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, लावणीपासून पहिल्या फुलाला सुमारे महिना, पुढे आठ-दहा दिवसांना एक नवा घोस. मार्चअखेर पाच घोस धरलेले हवे असतील, तर रोप जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घरात उभे पाहिजे आणि बी डिसेंबरच्या सुरुवातीलाच ट्रेमध्ये पडले पाहिजे. संक्रांतीनंतर मला विचारायला येणाऱ्याला त्या भागापुरते उत्तर 'यंदा उशीर झाला' हेच असते, आणि ते ऐकून काही जण रागावतात. रागावोत बापडे. घर रिकामे ठेवायचे नसेल, तर तेवढ्या काळात कोथिंबीर किंवा पालक सावलीखाली निघतो.

तोडणीची एक गोष्ट राहिली. ३०-३२ अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट भरत नाही, फळ पिवळट नारिंगी राहते. झाडावर लाल व्हायची वाट पाहत बसलात, तर ते आधी मऊ पडेल. बुडाशी तांबूस छटा येताच पहाटे तोडा आणि घरातल्या गार खोलीत दोन-तीन दिवस राहू द्या, रंग तिथे चांगला चढतो. क्रेटवर उन्हात ताडपत्री टाकू नका. आतला माल शिजतो.

अण्णांकडे गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. ओसरीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या चौकटीत दोन आकडे पेन्सिलीने लिहिलेले, वर दुपारचा आणि खाली पहाटेचा. अक्षर वहिनींचे. २३ एप्रिलच्या चौकटीत खालच्या आकड्याभोवती गोल काढला होता. मी विचारले, हा कशाला? त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून पहाटेचा काटा बावीसच्या खाली आलाच नाही. म्हणून वरचे शेंडे खुडून टाकले. आहे तेवढंच फळ पोसू दे म्हटलं."